दुखणं कमरेत नव्हतं

जळकोटच्या डॉक्टर उमादेवी एकावन्नाव्या वर्षी पुन्हा वही-पेन घेऊन विद्यार्थ्यासारख्या बसल्या, आणि अर्ध्या गावाला त्याचं हसू आलं.

धाराशिवला डॉक्टरांच्या संघटनेच्या हॉलमध्ये तो वर्ग भरायचा. दर रविवारी सकाळी दहा ते दोन, असे आठ रविवार. शिकवायला डॉक्टर राजशेखर होते, मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांचे निवृत्त प्राध्यापक. वय पंचाहत्तरच्या पुढं, पण आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकावरची डुलकीही उडावी. शिकायला आले होते ते खेड्यापाड्यांतले साधे डॉक्टर. ताप, खोकला, जुलाब, बीपी बघणारे. पहिल्या रविवारी बावीस जण होते, तिसऱ्या रविवारी अकरा उरले. उमादेवी मात्र आठही रविवार पहाटे उठून, स्वयंपाक उरकून, सकाळच्या एसटीनं गेल्या.

त्या गेल्या त्याला एक कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव बलभीम.

सहा वर्षांपूर्वी बलभीम त्यांच्या दवाखान्यात आला होता. चाळिशीचा, अंगानं दणकट गवंडी. "बाई, पाय जड झाल्यात. शिडी चढताना भ्या वाटतं," म्हणाला. उमादेवींनी ताकदीची इंजेक्शनं दिली, कमरेला पट्टा दिला, आराम सांगितला. पुन्हा आला, पुन्हा इंजेक्शनं. असे अडीच महिने गेले, मधे आणखी तीन दवाखानेही झाले. पाठीच्या मणक्यातला क्षय मज्जारज्जूवर दाब देतोय हे शहरात कळलं तेव्हा त्याचे पाय कायमचे गेले होते. उमादेवी त्याच्या घरी गेल्या आणि त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "बलभीम, हे मला ओळखायला पाहिजे होतं. माझं चुकलं." त्यानं बोल लावला नाही. तीनचाकी सायकलवर बसून तो आता चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्या दिसल्या की हात उंचावून नमस्कार करतो, आणि तो नमस्कार उमादेवींना दिवसभर पुरतो.

खरं तर मेंदू-नसा म्हटलं की कॉलेजपासून त्या तो धडा टाळायच्या. ती लांबलचक नावं, तो तारांचा गुंता. परीक्षेपुरतं घोकलं आणि सोडून दिलं. पुढं दवाखान्यात असा रोगी आला की "वरच्या दवाखान्यात दाखवा" म्हणून चिठ्ठी लिहायची. त्यात काही वावगं आहे असं कुणी म्हणत नव्हतं, कारण सगळेच तसं करत होते.

राजशेखर सरांनी पहिल्याच दिवशी टेबलावर हात आपटला. "यंत्र नंतर! आधी माणूस दारातून आत कसा येतो ते बघा. मग एकच प्रश्न स्वतःला विचारा, बिघाड कुठं आहे? काय झालंय ते नंतर. आधी कुठं. मेंदूत, मानेत, पाठीत, नसेत, की स्नायूत? ते शोधायला एक हातोडी, एक टाचणी आणि दहा मिनिटं लागतात. फोटो कुठला काढायचा हे यंत्र सांगत नाही, डॉक्टरांनो. ते तुम्ही यंत्राला सांगायचं असतं."

उमादेवींनी त्याच आठवड्यात सोलापुरातून रबरी डोक्याची हातोडी मागवली आणि दिसेल त्याच्या गुडघ्यावर मारायला सुरुवात केली. सर्दीचा रोगी येवो की खरजेचा, आधी पाय लोंबकळत ठेवून बसायचं. म्हातारे हणमंतप्पा तर चिडलेच. "बाई, म्या खोकल्याचं औषध न्यायला आलो. माझ्या गुडघ्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

"तुमचा गुडघा चांगला आहे, अप्पा. चांगला गुडघा कसा उडतो तेच बघायचंय."

गावात चेष्टा सुरू झाली, की बाई आता गुडघ्यावरून ताप ओळखतात म्हणे. उमादेवी हसून सोडून द्यायच्या. वर्षभरात हजारावर गुडघे झाले, आणि निरोगी पाय किती उडतो, किती नाही, हे डोक्याआधी हाताला कळायला लागलं. तोंड वाकडं झालेल्या एका शिक्षकाला त्यांनी कपाळाला आठ्या घालायला लावल्या, त्या पडेनात तेव्हा "हा झटका मेंदूतला नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, बरा होईल" असं ठामपणे सांगितलं, आणि तो बरा झाला. बोलता बोलता जीभ अडखळलेल्या एका कापड दुकानदाराला मात्र मेंदूचा झटका ओळखून त्यांनी पाणीसुद्धा पिऊ न देता दहा मिनिटांत रुग्णवाहिकेत घातलं. तोही चालत परत आला. चेष्टा हळूहळू थांबली.

तेवढ्यात चन्नम्मा आली.

चन्नम्माची हायवेवर खानावळ. कडक भाकरी, शेंगाचटणी, झुणका, भरलं वांगं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले तिच्या भाकरीसाठी गाडी थांबवायचे. नवरा शरणबसप्पा गल्ल्यावर बसायचा, पण खानावळ चालायची ती हिच्या हातावर. अठ्ठेचाळीस वर्षांची, उंच, बोलायला फटकळ. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि ट्रकवाल्यांशी दोन्हींच्या मधलं काहीतरी.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गुरुवार होता. शरणबसप्पा जाडजूड फाइल काखोटीला मारून आत आला आणि घाईनंच म्हणाला, "बाई, फकस्त बीपी-शुगर बघून एक चिठ्ठी द्या. सोमवारी हिचं कमरेचं ऑपरेशन हाय. हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, मणक्यात गॅप हाय."

"कधीपासून त्रास?"

"आठ म्हैने झाले. आधी तिकडंच दाखवलं, तुमाला कशाला तरास द्यायचा म्हणून." तो जरा ओशाळला.

उमादेवींचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. त्या दाराकडं बघत होत्या. चन्नम्मा भिंत धरून येत होती. पाय उचलले जात नव्हते. लाकडाचे असावेत तसे ताठ, फरशी घासत येत होते. उंबऱ्यापाशी तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. ती तशीच तीन पावलं पुढं आली आणि खुर्चीत बसली.

"अक्का, चप्पल कुठंय?"

चन्नम्मानं खाली पाहिलं. "अय्य! गेली वाटतं."

"गेली तेव्हा कळलं नाही?"

"न्हाय की. आताशा रोजच जाती. खानावळीतल्या पोरी मागनं उचलून आणत्यात."

उमादेवींनी फाइल बाजूला सारली, नर्स शिवांजलीला दार लोटायला सांगितलं आणि शरणबसप्पाला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. चिठ्ठी देते, पण नीट तपासून."

"बाई, बाहेर जीप थांबलीय..."

"थांबू द्या."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्या कन्नडमध्ये विचारायला लागल्या. मोठ्या दवाखान्यात चन्नम्माला कुणी तिच्या भाषेत विचारलंच नव्हतं. तिथं शरणबसप्पाच बोलायचा, "कंबर दुखती, पाय चालंनात," आणि तेवढंच लिहून घेतलं जायचं. इथं ती मोकळी झाली. कंबर तर दहा वर्षं दुखतेच, म्हणाली, चुलीपुढं बसणारीची कुणाची दुखत नाही? पण हे वेगळं आहे. छातीखाली कुणीतरी दोरी आवळून बांधल्यासारखं वाटतं. लघवीला लागली की दम धरवत नाही. आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगायची कशी तेच तिला कळत नव्हतं.

"अंघोळीला बसते न्हवं," ती खाली मान घालून म्हणाली, आणि हाताची आडवी पट्टी छातीखाली धरली. "बिसनीरु इल्लितनका. केळग इल्ला."

गरम पाणी इथपर्यंत गरम लागतं. खाली लागत नाही.

आठ रविवार उमादेवी जे शिकल्या होत्या ते सगळं या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. आता ते हातानं पडताळून बघायचं होतं.

चन्नम्माला टेबलावर निजवलं. आधी चेहरा, डोळे, जीभ. सगळं ठीक, म्हणजे मेंदू यादीतून सुटला. मग हात. भाकऱ्या थापून थापून लोखंडासारखे झालेले हात. ताकद पुरेपूर, कोपरावर हातोडी मारली तर हालचाल अगदी हवी तेवढीच. म्हणजे मानही सुटली. मग गुडघा. हातोडी जेमतेम टेकली आणि पाय असा झटक्यानं उडाला की शिवांजली मागं सरकली. दुसराही तसाच. उमादेवींनी तळपाय हातात घेऊन एकदम वर दाबला, तर घोटा थडथडायला लागला, आणि हात काढेपर्यंत थांबेना. दोन्हीकडं तेच. शेवटी हातोडीच्या दांड्यानं तळपायाच्या कडेवरून टाचेपासून वर रेघ ओढली. निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. चन्नम्माचा अंगठा सावकाश, ठामपणे वर उठला.

"शिवांजली, टाचणी दे. आणि पेन."

पायापासून वर त्या हळूहळू टोचत निघाल्या. "टोचतंय का, अक्का?" बोथट. मांडी, बोथट. पोट, बोथट. बेंबीच्या वर, बोथट. आणि छातीच्या खाली दोन बोटांवर चन्नम्मा ओरडलीच, "स्स! हितं टोचलं!" पाठीकडूनही तसंच, त्याच उंचीवर. उमादेवींनी तिथं निळ्या पेनानं आडवी रेघ मारली. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं. रेघ तिथंच आली.

कमरेच्या मणक्यात नस दाबली गेली तर पाय ढिले पडतात, गुडघ्याची उडी कमी होते, कधी नाहीशीच होते. अंगठा वर जात नाही. जाईल कसा? त्याला मेंदूत किंवा मज्जारज्जूत बिघाड लागतो. मज्जारज्जू तर कमरेच्या वरच्या टोकालाच संपतो. तिथून खाली नुसत्या नसा उतरतात. आणि इथं तर पायांची प्रत्येक तार ताणलेली होती. बिघाड वर होता. पाठीत, त्या निळ्या रेघेच्या आसपास किंवा तिच्या जरा वर. आणि सोमवारी चाकू लागणार होता वीतभर खाली.

शरणबसप्पाला आत बोलावून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "अप्पा, हे ऑपरेशन करू नका. दुखणं कमरेत नाही."

त्याचा चेहरा कोरा झाला. मग तो तापला. "बाई, तिकडचे डॉक्टर मोठे हायत. एमआरआयचा फोटो हाय. फोटो खोटं बोलंल का?"

"फोटो खरंच बोलतो. पण जिथला काढलाय तिथलंच बोलतो. पाठीचा फोटो काढलाच नाही कुणी."

"आन् तुमी नुसत्या हातोडीनं सांगताय?"

"हातोडीनं, टाचणीनं आणि अक्का जे बोलल्या त्यानं."

शरणबसप्पा उठला. बोलू नये ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "बलभीमच्या टायमाला कुठं गेली हुती ही हातोडी?"

चन्नम्मानं डोळे मिटून घेतले. उमादेवींना कानशिलं तापलेली जाणवली. पण आवाज हलला नाही.

"तेव्हा नव्हती. म्हणूनच तो तीनचाकीवर आहे. तशी दुसरी तीनचाकी मला या गावात नको, अप्पा. तुम्ही माझ्यावर रागावा, पण उद्या अक्काच्या पाठीचा फोटो काढून घ्या. मी खोटी ठरले तर सोमवारचं ऑपरेशन आहेच."

तो फाइल उचलून, बायकोला दंडाला धरून निघून गेला. पाठीच्या फोटोसाठी लिहिलेली चिठ्ठी टेबलावरच राहिली.

दुपारी उमादेवींनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. आपलं चुकलं असेल तर? टाचणी चुकीची टोचली असेल, आणि एवढे मोठे डॉक्टर बरोबर असतील तर? न राहवून त्यांनी राजशेखर सरांना फोन लावला आणि धडाधड सांगायला सुरुवात केली.

"थांबा. मत नको. काय दिसलं तेवढं सांगा," सर म्हणाले.

त्यांनी सांगितलं. चालणं, चप्पल, पाणी, गुडघे, घोटे, अंगठा, रेघ.

पलीकडं सर खळखळून हसले. "मग मला कशाला विचारता, उमादेवी? उत्तर तर तुम्हीच दिलंत. मी तिथं असतो तरी याहून जास्त काही करू शकलो नसतो. आता फक्त मागं हटू नका."

त्या हटल्या नाहीत. त्यांनी त्या मोठ्या डॉक्टरांचा नंबर मिळवला आणि चारदा प्रयत्न केल्यावर ते फोनवर आले.

"मॅडम, तुम्ही जनरल प्रॅक्टिस करता ना? पेशंटची चकती सरकलीय, स्पष्ट दिसतेय."

"सरकली असेल, सर. माझ्या कमरेचा फोटो काढला तर माझीही सरकलेली निघेल. पण पायाचे दोन्ही अंगठे वर जातायत, दोन्ही घोटे थडथडतायत, क्लोनस आहे, आणि टाचणी छातीखाली दोन बोटांवर थांबतेय. हे कमरेतून कसं येईल, ते मला समजावून सांगा."

"क्लोनस तुम्ही स्वतः पाहिलात?"

"दोनदा. दोन्ही पायांना."

"हं." फोनमागून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "सोमवारी भरती झाली की बघू," म्हणाले आणि फोन बंद झाला.

संध्याकाळ तशीच गेली. उमादेवींना वाटलं, संपलं. शरणबसप्पा काही ऐकायचा नाही.

पण शुक्रवारी सकाळी सात वाजता दवाखान्यापुढं जीप उभी होती. मागच्या सीटवर चन्नम्मा आडवी झालेली आणि शरणबसप्पा पायरीवर बसलेला. दाढी वाढलेली, रात्रभर जागल्यासारखा. उमादेवी दिसताच तो उभा राहिला.

"काल सांच्याला बलभीमकडं गेलतो," तो म्हणाला. "म्हनलं, तूच सांग, बाईचं ऐकू का नगं. तो म्हनला, शरणप्पा, मला चार दवाखाने फिरवलं. चुकले समदेच. पण माझं चुकलं म्हणून घरी येऊन सांगणारी एकच माणूस हाय. तिचं ऐक." त्यानं डोळे पुसले. "काल म्या लई वाईट बोललो, बाई."

"ते नंतर. मी येते तुमच्याबरोबर. शिवांजली, दवाखान्याला आज सुट्टी लाव."

गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी असा कामाच्या दिवशी दवाखाना बंद ठेवला नव्हता.

सोलापूरच्या तपासणी केंद्रात यंत्र चालवणाऱ्यानं कागद वाचून भुवया उंचावल्या. "कमरेचा झालाय की, मॅडम. परत कशाला?" उमादेवींनी चन्नम्माच्या पाठीवरची निळी रेघ त्याला दाखवली. "इथून वर, मानेपर्यंत. एक मणकासुद्धा सोडू नका." चन्नम्मा यंत्रात सरकताना त्यांचा हात घट्ट धरून होती, शेवटी तो सोडवून घ्यावा लागला.

काचेपलीकडं अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकेक चित्र उमटायला लागलं. मणके ओळीनं एकावर एक. त्यांच्यामधून उतरणारा मज्जारज्जू, करड्या दोरीसारखा. उमादेवी मानेखालून पाठीचे मणके मोजायला लागल्या. एक मणका, दुसरा, तिसरा, चौथा. आणि पाचव्यापाशी दोरी एका बाजूला चेपून कागदासारखी पातळ झालेली. तिला रेटून बसली होती एक गुळगुळीत, गोल गाठ. चिंचोक्याएवढी.

फोटो वाचणारे डॉक्टर खुर्चीतून पुढं वाकले. "ही इथं असेल म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"कशावरून?"

"टाचणीवरून."

त्यांनी वळून उमादेवींकडं नीट बघितलं. मग उठून आपली खुर्ची त्यांना बसायला दिली.

उमादेवी बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. भीतीचं नव्हे. आत कुठंतरी सहा वर्षं दाबून धरलेलं काहीतरी एकदम सुटलं होतं. बाहेर येऊन त्यांनी शरणबसप्पाला खांद्याला धरलं. "सापडली, अप्पा. साधी गाठ दिसतेय. निघते. पाय परत येतील."

फोटो त्यांनी त्याच क्षणी मोठ्या डॉक्टरांना पाठवला. तासाभरानं फोन आला. आवाज कालचा नव्हता.

"मॅडम, मी बघितला. माझ्या ज्युनिअरनं तपासलं होतं, आणि मी नुसता फोटो बघून तारीख दिली. सोमवारी मी चुकीच्या जागी चाकू लावणार होतो. हे माझं कामच नाही. मेंदू-मणक्याचे सर्जन डॉक्टर श्रीनाथ आहेत, त्यांच्याशी मी आत्ता बोललोय. ते वाट बघतायत."

ऑपरेशन झालं ते सोमवारीच, पण योग्य जागी. डॉक्टर श्रीनाथ साडेचार तासांनी बाहेर आले. तरुण होते, फारसे बोलणारे नव्हते. "गाठ अख्खी निघाली. साधीच वाटतेय. कॅन्सरसारखी अजिबात दिसत नाही, तरी तपासायला पाठवतो," एवढं म्हणाले आणि जाता जाता उमादेवींपाशी थांबले. "अजून दोन-तीन महिने गेले असते ना मॅडम, तर मी गाठ काढली असती, पण पाय परत देता आले नसते."

तिसऱ्या दिवशी नर्स कोमट पाण्यानं चन्नम्माचं अंग पुसत होती. एकाएकी चन्नम्मा ओरडली. नर्स घाबरली, शरणबसप्पा धावत आला.

"काय झालं गं?"

"बिसी!" ती मांडीवर हात मारत म्हणाली. "पाणी गरम हाय! मांडीला गरम लागतंय!" आणि ती हसायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला, नर्सला, डबा घेऊन आलेल्या पुतण्याला, सगळ्यांना ती सांगत सुटली की पाणी गरम आहे.

आठव्या दिवशी ती धरून उभी राहिली. गाठीचा रिपोर्ट आला, साधीच निघाली. महिन्यानं वॉकर घेऊन घरात फिरायला लागली. पाय सुरुवातीला थरथरायचे, रात्री आखडायचे. उमादेवी एक दिवसाआड घरी जाऊन व्यायाम करवून घ्यायच्या, आणि चन्नम्मा त्यांना कन्नडमध्ये शिव्या घालत तो पुरा करायची. संक्रांतीपर्यंत वॉकर कोपऱ्यात गेला. फेब्रुवारीत एका सकाळी ती एकटी, कुणाला न सांगता, घरापासून खानावळीपर्यंत चालत गेली आणि शटरवर थापा मारायला लागली. आत झोपलेल्या आचाऱ्याला वाटलं, धाड पडली.

शिवरात्र झाल्यावरच्या रविवारी खानावळ पुन्हा तिच्या हातात आली. शरणबसप्पानं दारावर झेंडूच्या माळा बांधल्या आणि गावाला जेवायला बोलावलं. बलभीम तीनचाकीवरून आला आणि त्याच्यासाठी पहिलं टेबल रिकामं ठेवलेलं होतं. हणमंतप्पा आले. शिवांजली आली. धाराशिवहून राजशेखर सरही आले, आणि भाकरीचा तुकडा दाताखाली कुरकुरताच "हे माझ्या दातांच्या ताकदीची परीक्षा घेणारं आहे" म्हणत त्यांनी दोन खाल्ल्या.

बारा वाजता दारात एक मोटार थांबली. हाडांचे ते मोठे डॉक्टर उतरले. बरोबर दोन तरुण डॉक्टर, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही अवघडलेले. उमादेवी पुढं झाल्या.

"मॅडम, आगाऊपणा वाटेल," ते म्हणाले, "पण या दोघांना तुमच्याकडं दर शनिवारी पाठवलं तर चालेल का? हे फोटो उत्तम वाचतात. माणूस वाचायला यांना शिकवा. आणि जागा असेल तर मागच्या बाकावर मीही बसेन."

राजशेखर सर घास तसाच तोंडात ठेवून मोठ्यांदा हसले. "हो म्हणा! हो म्हणा!"

"हो," उमादेवी म्हणाल्या. "पण शनिवारी नऊला. उशीर चालणार नाही."

तरुण डॉक्टरीण धीर करून चुलीकडं गेली. "काकू, तुमचे पाय एकदा बघू का?"

चन्नम्मानं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि तिला नखशिखान्त न्याहाळलं. "बघ की. पण आधी जेवायचं. उपाशी पोटी डॉक्टरकी करायची न्हाय माझ्या खानावळीत."

पंगत लांबली. दोन वाजेपर्यंत रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग लागली; ड्रायव्हर खाली उतरून विचारत होते, अक्का परत आली का? अक्का परत आली होती. वाढायला पोरी होत्या, तरी ती कुणाचं ऐकत नव्हती. भाकऱ्यांची चवड हातावर घेऊन टेबलांमधून, बाकांना वळसा घालून, दोन पायऱ्या उतरून बाहेर अंगणातल्या पंगतीपर्यंत ती खेपा घालत होती. शरणबसप्पा मागून "हळू, अगं हळू, डॉक्टरबाई बघायल्यात" म्हणत होता.

डॉक्टरबाई बघतच होत्या. पाऊल टाचेवर पडत होतं, अंगठ्यावरून सुटत होतं, मोकळं आणि बिनधास्त. चन्नम्मा त्यांच्या ताटापाशी येऊन थांबली आणि न विचारता तिसरी भाकरी वाढली.